जिनिंगमधील चोवीस संगणक बदलावेत की सर्व्हर घेऊन थिन क्लायंट बसवावेत?

प्रश्न (हिशेबनीस, चोपडा तालुका)

आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कार्यालयात, काट्यावर आणि गोदामात मिळून चोवीस संगणक आहेत. त्यांपैकी बहुतेक विंडोज 11 साठी अपात्र ठरले असून विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. पुरवठादार म्हणतो की सर्व नवे डबे घेण्याऐवजी एक सर्व्हर घ्यावा आणि टेबलांवर थिन क्लायंट (सगळे काम सर्व्हरवर होते आणि टेबलावर फक्त दिसते, असे छोटे उपकरण) ठेवावेत, विजेच्या बचतीतच पैसे वसूल होतील. शेठजींसमोर हा हिशेब मांडण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर 1 (संगणक देखभाल, जळगाव)

भाऊ, विजेचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. पडदा वगळून डेस्कटॉपला 80 वॉट आणि थिन क्लायंटला 15 वॉट धरले, तर चोवीस जागांवर आठ तासांत साडेबारा युनिट वाचतात, म्हणजे 300 दिवसांत सुमारे 3,750. मात्र 250 वॉटचा सर्व्हर अहोरात्र चालला तर वर्षाला 2,190 युनिट तोच खातो, आणि आपल्याकडच्या वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की त्या खोलीतील एसी उरलेली बचतही गिळतो. पुरवठादार एसीचा विषय काढत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

खरा फायदा इतरत्र आहे. हंगामात जिनिंगमधील डबा उघडला की प्रोसेसरच्या पंख्यावर रुईचा थर बसलेला दिसतो, गादीतून काढल्यासारखा; ब्लोअर मारला की खोलीभर उडतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा जमतो. थिन क्लायंटला बहुधा पंखाच नसतो आणि फिरती डिस्कही नसते, त्यामुळे ही कटकट जवळजवळ संपते. शिवाय वीज गेल्यावर चोवीस जागांचा भार 360 वॉटच्या आसपास राहतो, म्हणून पडदे आणि सर्व्हर धरूनही इन्व्हर्टर बराच तग धरतो.

उत्तर 2 (लेखा सल्लागार, धुळे)

वरील मताशी सहमत आहे, पण परवान्यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागवावा. विंडोज सर्व्हरचा परवाना, प्रत्येक वापरकर्त्याचा वा उपकरणाचा प्रवेश परवाना, आणि रिमोट डेस्कटॉपचा आणखी एक परवाना, असे तीन थर असतात. पुष्कळदा पहिलाच दाखवून दर स्वस्त भासवला जातो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सिल्व्हर परवाना एकाच वापरकर्त्यासाठी असल्याने अनेकांसाठीचा गोल्ड लागेल. केवळ ब्राउझर आणि तक्ते वापरणाऱ्या जागांसाठी लिनक्सवरून थिन क्लायंट चालवणारा एलटीएसपी हा 1999 पासूनचा मुक्त प्रकल्प विचारात घेण्याजोगा आहे. मात्र तो सांभाळणारा माणूस जवळपास हवा.

उत्तर 3 (पतसंस्था, अमळनेर)

आमच्याकडे हीच व्यवस्था आहे आणि देखभालीच्या दृष्टीने मी समाधानी आहे. तरी एक दिवस सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला, तेव्हा बारा खिडक्या एकाच वेळी बंद पडल्या आणि सुटा भाग येईपर्यंत आम्ही खतावणीवर हाताने नोंदी केल्या. डेस्कटॉपच्या काळात एक बंद पडे, अकरा चालत. म्हणून दुसरा सर्व्हर हा चैनीचा खर्च न मानता मूळ रकमेतच धरावा; तो धरूनही योजना परवडत असेल तरच हो म्हणावे. ऐन आवकेच्या दिवशी वाहनांची रांग रस्त्यावर आली, तर शेठजी वीजबिल विचारणार नाहीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काट्याचा संगणक सिरियल केबलने वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरला जोडलेला आहे आणि पावत्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. तोही सर्व्हरवर घ्यावा का?

उत्तर 1 (संगणक देखभाल, जळगाव)

घेऊ नये. सिरियल पोर्ट नेटवर्कवरून पुढे नेता येते, पण काटा कोणावर अवलंबून नसावा. तेथे एक नवा स्वतंत्र डेस्कटॉप ठेवा आणि रुई आत जाणार नाही अशा जाळीच्या पेटीत बसवा. उरलेल्या तेवीस जागांसाठी दोन सर्व्हर, परवाने आणि एसी धरून कोटेशन मागवा, आणि शक्य झाल्यास आधी कार्यालयातील पाच जागांवर एक हंगाम चालवून पाहा.