पक्षकार खोटी साक्ष देणार आहे, हे आधीच कळलं तर?

प्रश्न: वकिलीचं माझं दुसरं वर्ष. काल पक्षकार म्हणाला, "त्या रात्री मी घरीच होतो, असं सांगतो." महिन्यापूर्वी त्यानेच घटनास्थळी असल्याचं सांगितलं होतं, माझ्या वहीत त्याच्याच शब्दांत टिपलंय. रात्रीतून तीनदा ते पान उघडलं. न्यायालयाला सांगावं तर विश्वासघात, गप्प राहावं तर खोट्याला हातभार. काय करू?

उत्तर: आधी त्याला एकट्याला बसवून समजवा. उलटतपासणीत काय होईल ते स्पष्ट सांगा. आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९८६चा 'निक्स विरुद्ध व्हाइटसाइड' निकाल वाचा. मृताच्या हातात "काहीतरी धातूचं" दिसलं, असं आरोपीला ऐनवेळी सांगायचं होतं. वकिलाने बजावलं, खोटं बोललास तर मी न्यायालयाला कळवेन. यात आरोपीच्या बचावाच्या हक्काचा भंग झाला नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

उत्तर: घाई मात्र नको. तारखांचा घोळही असू शकतो, आधी विचारा. ऐकलंच नाही तर वकीलपत्र सोडा, पण त्याचं गुपित चव्हाट्यावर न आणता.

प्रश्नकर्ता: आज बोललो. वही त्याच्यासमोर ठेवली. बराच वेळ पानाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "साक्षच देत नाही." जीव भांड्यात पडला.