कॅम्परची मैल्याची टाकी चाकांच्या टाकीत कशी उपसायची?

जुळे सोलापूरकर:
ट्रॅव्हलर घेऊन त्यात आईसाठी पलंग, छोटा ओटा आणि कमोड बसवून घेतलाय. तिचे गुडघे गेलेत; अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर तिला घरच्या सोयीनं व्हावं म्हणून हे सगळं. गाडीखाली दोन टाक्या: कमोडची ९० लिटरची, बेसिन-अंघोळीची १२० ची. दोन्हींना तीन इंची तोंड आणि ओढायचा व्हॉल्व्ह.

आमचा बोळ अरुंद. गाडी कोपऱ्यावर लागते, सेप्टिक टँक तिथून साठ-सत्तर फूट आत. म्हणून ६० लिटरची चाकांची टाकी करून घेतली. परवा रविवारी पहिल्यांदा वापरली. व्हॉल्व्ह ओढला, थोडा वेळ गुडगुडलं आणि सगळं थांबलं. तुंबलं असेल म्हणून पाइप हलवला तर जोडच निसटला. शेजारच्या काकूंच्या दारातल्या ताज्या रांगोळीवर सांडलं. तासभर धुतलं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

ड्रायव्हर म्हणाला, तिऱ्ह्याच्या पुढं एखाद्या ओढ्यात सोडू की. आईनं आतून ऐकलं. "त्या वाटेनं गजानन महाराजांची पालखी जाते. माणसं अनवाणी चालतात. तिथं आपली घाण टाकायची नाही." मलाही तेच वाटतं. कुणी हे नीट करत असेल तर सांगा.

होटगी रोडचा प्लंबर:
दादा, तुंबलं नव्हतं, हवा अडकली होती. चाकांच्या टाकीला हवेचं वेगळं तोंड आहे का? भरताना ते उघडं ठेवा, नाहीतर आतली हवा जाणार कुठं? जोडाला क्लॅम्प लावा आणि पाइपला सगळीकडून उतार ठेवा.

सेप्टिक टँकचं झाकण मात्र उघडू नका, त्यातला गॅस जीव घेतो. संडास आणि टँक यांच्या मधलं छोटं चेंबर उघडा, त्यात पाइपचं तोंड खोल सोडा.

टेक्सासहून परतलेला:
तिकडे आमची आरव्ही, म्हणजे अशीच राहायची गाडी होती, अशी टाकी पाच वर्षं ओढलीय. साठच्या टाकीत साठ भरायचं नाही. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही पाइपात माल उरतो. तीन इंची, दहा फुटी पाइपात जवळपास १४ लिटर. चाळीसला थांबा. तेही पाण्याच्याच हिशेबानं ४० किलो झालं, लहान चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात.

आधी कमोडची टाकी, मग अंघोळीची. त्या पाण्यानं पाइप आपोआप धुतला जातो. कमोडचा व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवा. उघडा राहिला तर पाणी निघून जातं, घट्ट मैला तळाशी बसतो आणि मग कशानंच हलत नाही. टाकीत टाकायचं फॉर्मालिनवालं औषध वापरू नका, सेप्टिकमधले जिवाणू मरतात. आणि आपल्याकडच्या उकाड्यात भरलेली चाकांची टाकी रात्रभर बंद ठेवू नका, आत गॅस धरतो. झाकण सैल करताना आपला चेहरा लांब ठेवा.

जुळे सोलापूरकर:
काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. हवेचं तोंड होतं, त्यावर बूच घट्ट लावलेलं, माझ्या लक्षातच आलं नाही. आज सकाळी ते काढलं, क्लॅम्प लावला, चाळीसला थांबलो. तीन खेपा झाल्या, शेवटची नुसत्या साबणाच्या पाण्याची. जमिनीवर थेंब नाही. चेंबरचं झाकण बसवून हातमोजे धुतले आणि काकूंकडे रांगोळीचा डबा देऊन आलो. गुरुवारी अक्कलकोटला निघतोय, आईनं पिशवी भरून ठेवलीय.