लॉक स्क्रीनवर टीमचं वेळापत्रक: तुमचेही उद्योग सांगा

काल ड्रॉवर आवरताना जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला तर लॉक स्क्रीनवर आमच्या टीमचं त्या सीझनचं वेळापत्रक! मीच एक्सेलमध्ये करून स्क्रीनशॉट कापलेला. पहिल्या दोन मॅचेस घड्याळाखाली गेलेल्या. मी आळशी, त्या दोन पाठ केल्या पण चित्र बदललं नाही. अजून कोणी केलंय का असलं काही?

बारावा गडी: वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा हे मला तिसऱ्या चित्रानंतर कळलं. खालीही टॉर्च-कॅमेऱ्याची बटणं असतात. आमची फायनल टॉर्चखाली, तरी टीम अंधारातच :ड

चिंगूताई: भावासाठी केलेलं. इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग, ३८ मॅचेस. मुंगीएवढी अक्षरं! मग महिन्याचं वेगळं केलं. त्यात टीव्हीसाठी तारखा सरकवतात ते निराळंच. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, आपल्याकडे साडेसातची मॅच साडेआठला. भाऊ तासभर आधीच टीव्हीसमोर बसून माझ्या नावाने खडे फोडत होता.

रात्रपाळी: ३८ चं काय घेऊन बसलात, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, ८२ असतात. मी नाद सोडला, पुढच्या पाचच लिहितो.

बारावा गडी: आयपीएलवाले सुखी. साखळीच्या १४, ठळक अक्षरांत बसतात. प्लेऑफला जागा सोडायची की नाही हा श्रद्धेचा प्रश्न. मी सोडली. तिथे आता बॅटरीचं विजेट आहे.

सदाफुली: घरच्या मॅचेस हिरव्या, बाहेरच्या लाल केल्या. बाबांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत हे मी विसरले. म्हणाले, "बरंय की, सगळ्याच घरच्या." मग बाहेरच्यांपुढे बाण काढला.

चिंगूताई: सदाफुली, बाबा गोड आहेत 😄

नवखा: ग्रुपवर टाकलं तर अक्षरं फुटतात, काय करू?

रात्रपाळी: फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. पार्श्वभूमी काळी ठेव, स्क्रीन ओलेड प्रकारची असेल तर काळे पिक्सेल बंदच असतात, बॅटरीही वाचते.

मुद्देसूद: कॅलेंडर सबस्क्राइब करा ना, तारखा आपोआप बदलतात.

बारावा गडी: मग ऑफिसात वेळ कसा घालवायचा?

सदाफुली: धागाकर्तीला एक विचारायचंय, जुन्या फोनचा चार्जर मिळाला कुठे? माझा फोन आहे, पिन नाही.

तो त्याच ड्रॉवरमध्ये होता, तीन रिमोटांखाली. रिमोट कशाचे ते घरात कोणालाच माहीत नाही. थांबा, बेल वाजतेय.