महागडी घड्याळे घेणारे सगळे मिरवणारेच असतात काय?

रामबागकर (इंदूर)

परवा येथे ‘लोलक’ यांनी लिहिलेला मजकूर मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला तो अन्यायाचा वाटला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यांत्रिक मनगटी घड्याळासाठी दहा लाख रुपये मोजणारा माणूस यंत्र घेत नाही, रुबाब विकत घेतो, हजार रुपयांचे बॅटरीवरचे क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अचूक वेळ दाखवते, आणि हल्ली मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतःच्या नावाने घड्याळे करणाऱ्या ज्या ‘स्वतंत्र’ कारागिरांचे एवढे कौतुक चालते, त्यांची दुकानदारीही तीच, फक्त आकाराने लहान आहे.

अचूकतेबद्दल माझा वाद नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि माझ्या मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळाचे तोलचक्र (पुढेमागे झुलून वेळ मोजणारे चाक) तासाला १८,००० ठोके देते. ती शर्यत १९६९ च्या डिसेंबरमध्ये सेकोने ॲस्ट्रॉन बाजारात आणले तेव्हाच निकालात निघाली. मला विचारायचे आहे ते पुढचे. शर्यत हरल्यावरही काही माणसे हेच काम अधिक चांगले करण्यासाठी आयुष्य का घालवत राहिली? इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स यांनी नेमक्या त्याच पडत्या काळात नवा एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा, शोधून काढला. नेहमीच्या लिव्हर एस्केपमेंटमध्ये दाते खड्यांवर घासत सरकतात, त्यांना तेल लागते, तेल कालांतराने घट्ट होते आणि घड्याळाची चाल बिघडते. डॅनियल्स यांच्या को-ॲक्शियल रचनेत हे घासणे फार कमी होते. स्विस कारखान्यांनी त्यांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. अखेर १९९९ मध्ये ओमेगाने ती रचना आपल्या घड्याळात आणली. एकट्याने काम करणाऱ्या कारागिराने संपूर्ण उद्योगाला दिलेली ही देणगी आहे. त्यांचे शिष्य रॉजर स्मिथ यांनी आपले पहिले खिशातले घड्याळ त्यांना दाखवले तेव्हा ते नापसंत झाले. मग स्मिथ यांनी दुसऱ्या घड्याळावर कित्येक वर्षे काढली आणि त्यानंतरच गुरूंनी त्यांना आपल्याकडे कामाला घेतले. अशा माणसांच्या हातचे घड्याळ कोणी पैसे मोजून घेतले नाही, तर ही विद्या कोणाच्या जिवावर टिकणार?

आणि हा प्रश्न इंदूरच्या माणसाला पडू नये, याचे मला अधिक वाईट वाटते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी विशी ओलांडली न ओलांडली तोच एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराला माणिकबाग या वाड्याचे काम दिले, पुढे ब्रांकुसीची शिल्पे घेतली. त्या वयात, त्या काळात, नाव न झालेल्या वास्तुकारावर एवढा विश्वास टाकणे म्हणजे मिरवणे होते काय? कारागिराला आश्रयदाता लागतो, तसाच तो घड्याळजीलाही लागतो.

लोलक (इंदूर)

रामबागकर, तुम्ही डॅनियल्स यांचे उदाहरण दिलेत, कारण ते सर्वांत उजळ आहे. मी विचारतो ते टूरबियाँचे. घड्याळजी ब्रेगे यांनी १८०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हा घड्याळ कोटाच्या खिशात दिवसभर उभे राही आणि गुरुत्वाकर्षणाचा ओढा तोलचक्रावर एकाच बाजूने पडे; म्हणून सगळा एस्केपमेंट पिंजऱ्यात बसवून पिंजराच फिरता ठेवायचा, अशी ती युक्ती होती. मनगट तर दिवसभर हलतच असते. मग मनगटावरच्या टूरबियाँसाठी लाखो रुपये कशाचे घेतले जातात?

स्विस स्वतंत्र कारागीर फिलिप द्युफूर यांच्या ‘सिंप्लिसिटी’चे पाहा. तीन काट्यांचे साधे घड्याळ, कारागिरी निर्विवाद, सारी मिळून दोनशेच्या आसपास नग. त्यांतले एक २०२० मध्ये लिलावात १३ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. लिलावात चढलेल्या या रकमेने कारागिराच्या हाताला कोणते नवे कौशल्य दिले, हे मला समजलेले नाही.

मी हे दुरून पाहून बोलत नाही. पलासियातल्या एका मोठ्या शोरूमचे हिशेब मी सहा वर्षे पाहिले. ग्राहक येत, यादीत नाव लावत, हवे ते घड्याळ लवकर मिळावे म्हणून नको असलेले आणखी एक विकत घेत. सहा वर्षांत एकाही ग्राहकाने आत कोणते मशीन आहे, हे विचारलेले मी ऐकले नाही. सगळे विचारत ते एकच, की दोन वर्षांनी विकले तर काय येईल.

माणिकबागेविषयीही बोलू. तिथले सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले गेले आणि वाड्यात आज केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. आश्रय महाराजांनी दिला, वस्तू श्रीमंतांच्या घरोघर गेल्या, इंदूरकरांच्या वाट्याला एक फाटक राहिले.

जुनी_किल्ली (इंदूर)

तुम्ही दोघे लाखांच्या गोष्टी करता आहात. आपल्या घरांत जी घड्याळे खरोखर आहेत त्यांचे काय झाले, हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

माझे वडील मालवा मिलमध्ये हिशेबनीस होते. १९७८ मध्ये त्यांनी एचएमटीचे ‘पायलट’ घेतले. काळी तबकडी, सतरा ज्वेल (आतले खडे), रोज सकाळी आंघोळीनंतर किल्ली. तीस वर्षांत ती तबकडी कडेने तपकिरी झाली होती, आणि सहाच्या आकड्याजवळ एक पांढरा डाग होता, जो मी लहानपणापासून पाहत आले होते. वडील गेल्यावर घड्याळ बंद पडले. मी ते शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिले आणि फक्त चालू करून द्या, असे सांगितले. परत मिळाले ते चकाकत होते. तबकडी खरवडून नवी रंगवली होती, आकडे जाडे झाले होते, सेकंदांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या. दुकानदार अभिमानाने म्हणाले, “ताई, एकदम नवी करून दिली.” मी दुकानातच रडले. वडिलांचा तो डाग कुठे आहे?

आंतरजालावर मराठी आकड्यांची एचएमटी ‘जनता’ शोधून पाहा. खरी देवनागरी तबकडी कंपनीने काढली होती, हे खरे आहे. पण विकायला दिसणाऱ्यांत गेल्या महिन्यात रंगवलेल्याच फार. फेव्हर ल्युबाच्या ‘सी किंग’ घड्याळांची तीच दशा. या लोकांनी आपल्या आईबापांच्या वस्तू खोट्या करून टाकल्या आहेत, आणि माझ्या मते हा गुन्हा दहा लाखांच्या मिरवण्यापेक्षा मोठा आहे.

घड्याळजीचा_भाचा (इंदूर)

“या लोकांनी” हे शब्द मागे घ्या. या लोकांत माझे मामा आहेत.

राजवाड्यामागच्या गल्लीत, चार फूट रुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून ते चव्वेचाळीस वर्षे बसले. ओव्हरहॉलिंगचे पंधरा रुपये घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली. सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरूत १९६१ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि २०१६ मध्ये सरकारने तो व्यवसाय बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर सुटे भाग कोठून आणायचे, हे कोणी मामांना सांगितले नाही. तीन मेलेली घड्याळे उघडून त्यांतून एक जिवंत करायचे, हाच मार्ग उरला. त्यात तबकडी एकाची, चाके दुसऱ्याची, असे होणारच.

आणि तबकडी नवी करून द्या, ही मागणी कोणाची होती? ग्राहकांचीच. मुलीच्या लग्नात जावयाला देण्यासाठी जुने घड्याळ आणून, “नव्यासारखे दिसू द्या”, असे सांगणारी शेकडो माणसे मी त्या दुकानात पाहिली आहेत. डाग ठेवा, असे सांगणारे एकही पाहिले नाही. तुम्ही तरी स्पष्ट सांगितले होते काय? “फक्त चालू करा” यात तबकडीला हात लावू नका, हे आले असे तुम्ही धरून चाललात.

ग्वाल्हेरची_लेक (लष्कर, ग्वाल्हेर)

भाचेसाहेब, दुःखात असलेल्या बाईला तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता आहात. कोणी खुर्चीचा पाय दुरुस्त करायला दिला, तर सुतार संपूर्ण खुर्चीला रंग देतो काय? न विचारता केले, ही चूकच आहे.

पण जुनी_किल्ली, तुमच्याही एका गोष्टीला माझा विरोध आहे. मूळ तबकडीचे हे वेड आपल्याकडे संग्राहकांच्या बाजारातून आले. रोलेक्सच्या ज्या ‘पॉल न्यूमन’ डेटोना घड्याळाला २०१७ मध्ये लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलर मिळाले, त्या प्रकारच्या तबकडीची घड्याळे त्यांच्या काळात दुकानांत पडून राहत असत. स्विस सेवाकेंद्रेही कित्येक वर्षे जुन्या तबकड्या काढून नव्या बसवत आली, आणि तेव्हा ती उत्तम सेवा समजली जाई. आज लिलाववाल्यांनी डागाला किंमत लावली, म्हणून आपल्या गल्लीतला कारागीर एका रात्रीत गुन्हेगार ठरला.

जुनी_किल्ली

माझ्या डागाला लिलाववाल्यांनी किंमत लावलेली नाही. कृपा करून दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. ते घड्याळ मला विकायचे नाही. बाजारात त्याचे दोन हजार येतील की वीस हजार, मला ठाऊकही नाही.

भाच्यांना उत्तर : होय, मी स्पष्ट सांगितले नव्हते. तबकडी रंगवतात, हेच मला माहीत नव्हते. हे मान्य करणे मला जड जाते आहे, पण खरे आहे. “या लोकांनी” हे शब्द तुमच्या मामांसाठी मागे घेते. त्या दुकानदारासाठी घेत नाही.

रामबागकर

चर्चा माझ्या प्रश्नापासून दूर गेली, असे प्रथम वाटले होते. आता तसे वाटत नाही. लोलक, मनगटावरच्या टूरबियाँबद्दल तुमचे बरोबर आहे, अचूकतेच्या दृष्टीने त्याची गरज उरलेली नाही, एवढे मी मान्य करतो. त्याहून अधिक मान्य करणार नाही. पिंजरा, त्यातले तोलचक्र आणि केसासारखी स्प्रिंग, हे सारे नखाएवढ्या जागेत तोलून बसवण्याची विद्या हाताने हाताला द्यावी लागते, आणि ती देणारे हात पोटापाण्याशिवाय जगत नाहीत. मामांच्या दुकानात ती विद्या पंधरा रुपयांना मिळत होती, म्हणून भाचा त्या खुर्चीवर बसला नाही. माझा अंदाज चुकीचा असेल तर भाच्यांनी सांगावे.

घड्याळजीचा_भाचा

अंदाज बरोबर आहे. मी बँकेत आहे. मामांनीच मला बसू दिले नाही.

लोलक

हे मला आधी कोणी सांगितले असते, तर मी लेख वेगळा लिहिला असता. तरीही माझी तक्रार मी सोडत नाही. स्वतंत्र कारागिराचे घड्याळ घेणाऱ्याने आत कोण बसले आहे, हे जाणून पैसे दिले, तर त्याला मी मिरवणारा म्हणणार नाही. पण त्याच माणसाने इंदुरातल्या घड्याळजीशी तेलपाण्याच्या दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली, तर त्याच्या आश्रयदातेपणाचे गोडवे माझ्यापुढे गाऊ नका. असे ग्राहक मी पाहिले आहेत, नावानिशी ओळखतो.

रामबागकर

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः घासाघीस केली आहे.

घड्याळजीचा_भाचा

जुनी_किल्ली, एक विचारायचे आहे. तबकडी खरवडून पुन्हा रंगवली, की दुसरी बसवली? दोन्हींत फरक आहे. तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या छिद्रांत बसतात. दुसऱ्याची तबकडी डकवली असेल, तर अनेकदा ते पाय कापलेले आणि मागे चिकटद्रव्य दिसते. तसे असेल, तर तुमची मूळ तबकडी त्या दुकानातल्या एखाद्या डब्यात असू शकेल. कारागीर सहसा काही फेकत नाहीत. मामा आता दुकानात बसत नाहीत, पण हत्यारे घरी आहेत. रविवारी घेऊन या, ते उघडून पाहतील.

जुनी_किल्ली

काल जाऊन आले. मामांनी माझ्यासमोर उघडले. पाय शाबूत आहेत, म्हणजे तबकडी तीच आहे आणि रंग खरवडलेला आहे; डाग परत येणार नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र सुईने कोरलेल्या पाच बारीक नोंदी निघाल्या. मामा म्हणाले, दुरुस्ती करणारा आपली खूण आणि तारीख असा कोरून ठेवतो, म्हणजे घड्याळ पुन्हा आले तर शेवटचे तेल केव्हा दिले ते कळते. पहिली नोंद १९८२ ची आहे आणि शेवटची २००५ ची. वडील दर पाच-सहा वर्षांनी घड्याळ तेलपाण्याला देत होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ज्याने तबकडी रंगवली, त्याने तिथे काहीच कोरलेले नाही.

मामांनी मशीन धुतले, तेल दिले, भिंगातून बराच वेळ पाहत राहिले आणि मग विचारले, “माझी तारीख घालू का?” मी हो म्हटले. पैसे विचारले तेव्हा त्यांनी शंभर रुपये सांगितले. मी पाचशे ठेवून आले. ते घ्यायला तयार नव्हते, त्यावरून आमचे थोडे वाजलेही.