बळीराजा धरणावर वाळूचं अ‍ॅनिमेशन करतेय, शेवट जमत नाही

विट्याची चित्रकला शिक्षिका:
सांगली जिल्ह्यातल्या बलवडीच्या बळीराजा धरणाची गोष्ट भिंतीवर दाखवायची आहे, ते ज्या नदीवर आहे त्या येरळेच्याच वाळूत. दुधी काच, खाली दिवा, वर वाळू. बोटाने चित्र काढायचं, जरासं सरकवायचं, फोटो घ्यायचा. सेकंदाला १२, दोन मिनिटांचे १४४०. नऊशे झालेत.

वाळूच का? १९८२ च्या गिरणी संपानंतर आमचे दादा मुंबईची गिरणी सोडून गावी आले, तर इथं दुष्काळ, आणि ठेकेदार नदी उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतली माणसं म्हणाली, थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून धरण बांधतो. बांधलं! पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही, भूमिहीनांनाही वाटा, असं ठरलं. मला हे लहानपणापासून सगळ्यात मोठं वाटत आलंय.

अडचण अशी की चित्र भिंतीवर संपलं की लगेच पहिल्यापासून सुरू होणार. पाणी चढतं आणि पुढच्या क्षणाला पुन्हा कोरडं पात्र. सगळं वाया गेल्यासारखं दिसतं. शिवाय चित्र लुकलुकतंय.

कराडचा फोटोग्राफर:
लुकलुकणं आधी. कॅमेरा मॅन्युअलवर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. खिडकीला काळं कापड लावा, अंगात गडद कपडे घाला. पांढऱ्या ओढणीचा उजेडही काचेवर पडतो. वाळू धुऊन, वाळवून चहाच्या गाळणीतून काढा.

खानापूर तालुक्यातला शेतकरी:
ताई, भरलेल्या धरणावर थांबू नका. भरलेलं धरण कुठंही दिसतं, आमची लढाई वाटपाची होती. तिथून पाट काढा, आणि सगळे एकाच बोटानं. रुंदी आपोआप सारखी येईल.

विट्याची चित्रकला शिक्षिका:
काका, काल रात्री तसंच केलं. वाळू सरली तिथं उजेड, म्हणजे पाट खालून उजळत काचेच्या कडेपर्यंत गेले. मग काच पुसलीच नाही. गाळणीतून वाळू हळूहळू पडू दिली. पाट झाकले, पण त्यांच्या फिकट खुणा राहिल्या. आता पहिल्या चित्रातली मोर्चाची माणसं त्या खुणांवरूनच चालत येतील.

दादांना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "बायकांच्या डोक्यावर पाट्या दे, त्या आमच्यापुढं असायच्या." मोर्चाचे दीडशे फोटो परत काढतेय.