घरची ७११ तूर राखली तर लाल दाणे निघायलेत, बियाणं बिघडलं का?

औसेकर:
नमस्कार मंडळी. काळं रान, सोयाबीनमधी तूर घेतो. ५ वर्षांखाली बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ आणली, पांढरा दाणा. तवापासून घरचंच बी, आई लिंबाचा पाला घालून कोठीत ठेवती. पहिली दोन वर्षं एकसारखं रान होतं, आता काही झाडं छातीला तर काही डोक्याच्या वर, कुणाचं फूल निस्तं पिवळं तर कुणाच्या पाकळीला मागून लाल रेघा, आन् खळ्यावर पांढऱ्यात लाल दाणे. शेजारचे काका दरसाल लाल दाण्याची बीएसएमआर ७३६ लावतात, मधी फक्त बांध. दुकानदार म्हणतो बी फुटलं, म्हंजी वाण शुद्ध राहिला नाही, नवी पिशवी न्या. खरंय का विकायचं म्हणून सांगायलाय?

बांधावरून:
दुकानदार अर्धा खरा आहे. सोयाबीनचं फूल आतल्या आत फळतं म्हणून ते घरी राखलं तरी चालतं, तुरीत मात्र मधमाशा या फुलावरून त्या फुलावर जातात आन् बरंचसं परपरागीभवन होतं, माशा जास्त तेवढं जास्त. म्हणून तर प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून १०० मीटर अंतर लागतं. तुमचा बांध किती, २ फूट?

जालनाकर:
माशांवर खापर फोडायच्या आधी एक करा. खळ्यावरचं बघू नका, उभ्या झाडाच्या शेंगा सोला. दाण्याचं टरफल आईच्या झाडाचं असतं, त्यामुळं एका झाडाचे सगळे दाणे एकाच रंगाचे निघतात. यंदा संकर झाला तरी यंदा रंग बदलत नाही, पुढच्या साली त्या दाण्याचं झाड उगवलं की मग लाल. आन् लाल दाण्याचं झाड हुबेहूब काकाच्या तुरीसारखं असलं तर माशी नाही, भाड्याच्या मळणी यंत्रात राहिलेलं काकाचं बी आलंय, आमच्याकडं तसंच झालतं.

परभणीचा विद्यार्थी:
शेती कॉलेजला आहे, थोडं वेगळं सांगतो. ही सरमिसळ म्हणजे निव्वळ बिघाड नाही. २०१७ ला तुरीच्या २९२ नमुन्यांचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, तपासला होता, त्यात रानटी तुरीपेक्षा गावठी वाणांत विविधता कमी आन् सुधारित वाणांत त्याहून कमी दिसली. आपण निवडून निवडून रान एकसारखं केलं, आता नवा रोग आला तर सगळं एकदम बसतं. बीएसएमआर मधलं एसएमआर म्हणजे ‘स्टेरिलिटी मोझॅक रेझिस्टंट’, नावातच वांझ रोगाला (झाडाला फुलं-शेंगा धरत नाहीत तो) प्रतिकार आहे, तो गुण कुठल्यातरी जुन्या तुरीतूनच आला ना? हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट संशोधन संस्थेत तुरीचे १३ हजारांवर नमुने ठेवलेत ते उगीच नाही.

बांधावरून:
भाऊ, पाटनचेरूला ठेवा की, डाळमिलवाला माझ्या कट्ट्यात विविधता बघून भाव देत नाही, मिक्स म्हणून कापतो. शिवाय ७११ दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येती आन् ७३६ ला १८० च्या आसपास लागतात, एका रानात दोन्ही असल्यावर शेंगअळीचा फवारा कवा मारायचा? एक फुलात, एक दाण्यात.

औसेकर:
काल सोलून बघितलं. १२ झाडं घेतली, ९ पांढरी, ३ लाल, एकाही झाडात मिसळ नाही, जालनाकर मानलं. त्या ३ पैकी १ पार काकाच्या तुरीसारखं, बाकी २ ना इकडचे ना तिकडचे, बुटके आन् फूल रेघांचं. म्हणजे यंत्र बी आन् माशी बी. यंदा पेरायला नवी पिशवी घेतो. त्या दोघांचं बी डब्यात वेगळं ठेवलंय, मर (झाड वाळायचा रोग) लागती त्या कोपऱ्यात दोन ओळी लावून बघणार, काकांना सांगितलेलं नाही.