गेटजवळच्या गुलाबांना वास का नाही?

मंजिरी, बी-४०२: गेटजवळच्या कुंड्यांमधले गुलाब कोणी नाक लावून पाहिलेत का? दिसायला देखणे, पण वासाचा पत्ता नाही. खत कमी पडतंय का?

देशपांडे काका, ए-१०१: खताचा दोष नाही गं. वास जातीत असावा लागतो. ती गुच्छाने फुलणारी, बिनवासाची फ्लोरिबंडा आहे. शेणखतात बुडवली तरी वास यायचा नाही.

ओंकार, सी-२०३: फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबालाही नसतो काका.

देशपांडे काका, ए-१०१: तो डच गुलाब. तळेगाव-मावळातल्या पॉलीहाऊसमधून येतो. प्रवासात पाकळी मोडू नये, फ्लॉवरपॉटमध्ये आठवडाभर टिकावा, हे बघून निवडलेल्या जाती. वास कोणी बघितलाच नाही.

शिंदे वहिनी, बी-१०४: 🌹 शुभ सकाळ 🌹 हा माझा गुलाब मात्र रोज ताजा 😄

सायली, ए-३०२: २०१५ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांचा यावर ‘सायन्स’मध्ये पेपर आला होता. वासाची ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाची ‘रूज मेयाँ’ त्यांनी ताडून पाहिली. गुलाबाच्या वासातलं जेरॅनिऑल तयार व्हायला एक एन्झाइम लागतं. बिनवासाच्या जातीत त्याचं जनुक जवळजवळ बंदच असतं. एमएस्सीला सेमिनार दिला होता म्हणून लक्षात आहे.

मंजिरी, बी-४०२: मग कोणती आणायची? नावं सांगा, ऑनलाइन मागवते.

देशपांडे काका, ए-१०१: फोटो बघून मुळीच मागवू नकोस. लेबल एक आणि फूल भलतंच, असं सर्रास होतं. डिसेंबरअखेरीस नर्सरीत सगळं फुललेलं असतं, तेव्हा जाऊन हुंगून घे. तेही सकाळी, अर्धवट उमललेलं फूल. दुपारच्या उन्हात वास उडून जातो.
नावं हवीत तर डबल डिलाइट. मलईसारखी पाकळी, कडेने लाल, ऊन लागेल तशी लाली पसरते. पापा मेयाँ काळसर लाल, वास जबरदस्त, पण पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, नखरे फार. कुंडीत नवशिक्याने लावावा तो ग्रुस आन टेप्लिट्झ. १८९७ सालची जात, फुलं लहान, मान खाली घालून असतात, पण झाड काटक.

जोशी आजी, सी-१०१: आणि आपला गावठी गुलाबी कुठे गेला? एडवर्ड म्हणतात तो. काडी लावली तरी येतो. गुलकंद त्याचाच. पाकळ्या आणि खडीसाखर थरावर थर, बरणी उन्हात. पण त्यावर औषध मारायचं नाही हं.

राणे, सी-५०१: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. टँकर किती वाजता येणार?

सेक्रेटरी: ११ वाजता. कुंड्या सोसायटीच्याच आहेत राणेसाहेब, चालू द्या.

मंजिरी, बी-४०२: 📷 काका, या काड्या वरून खाली काळ्या पडत चालल्यात.

देशपांडे काका, ए-१०१: डायबॅक. माळीदादा मेंदीचं कुंपण कापायच्या कात्रीने छाटतात, काडी चेचली जाते आणि तिथून बुरशी शिरते. धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची खास कात्री, घ्यायचं, आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली यायचं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, बघून त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावायची. पाऊस ओसरलाय, छाटणीला हीच वेळ. साधारण दीड महिन्यात फुलं येतील.
फोटोत डावीकडे तो लांब चाबूक दिसतोय ना, तो डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, गाठीच्या खालून आलाय. खालच्या जंगली झाडाचा फुटवा. मातीपर्यंत जाऊन मुळापासून ओढून काढ, नाहीतर सगळं अन्न तोच खाईल.

ओंकार, सी-२०३: नवीन आणले तर गच्चीवर ठेवूया? गेटजवळ ऊन जेमतेम दोन तास.

चेअरमन: गच्चीचा विषय काढू नका. वॉटरप्रूफिंगचं बिल अजून डोळ्यासमोर आहे 🙏

देशपांडे काका, ए-१०१: गच्ची नकोच, उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड पानांवर जाळी करते. क्लबहाऊसच्या पूर्वेच्या भिंतीला दुपारपर्यंत ऊन असतं, तिथे ठेवू. पाणी सकाळी, मुळाशी. पाइपने पानं भिजवायची नाहीत.

सेक्रेटरी: क्लबहाऊसला माझी हरकत नाही. सहा कुंड्या, फंडातून. त्याच्या वर ज्याला हव्यात त्याने स्वतःच्या खर्चाने.

जोशी आजी, सी-१०१: एक एडवर्ड माझ्याकडून धरा.

देशपांडे काका, ए-१०१: रविवारी सकाळी आठला छाटणी. सिकेटर माझं आहे. जाड हातमोजे ज्याचे त्याने आणा. डिसेंबरअखेरीस उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत जाऊ, गाडीत तीन जागा आहेत.

राणे, सी-५०१: एक जागा माझी धरा. टँकर आलाय.